नांव तेंच, पत्ता दुसरा

१६ जुलै २०२१ या दिवशीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्रांतील दहावीच्या परीक्षेचा निकाल जाहीर झाला. कोरोनाच्या साथीमुळें त्या वर्षीं लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून गुण दिले गेले होते आणि शेंकडा ९९.९५ मुलें उत्तीर्ण झालीं होतीं. म्हणजे नापास होण्याची भीति जवळजवळ कोणासच नव्हती. तरीहि त्या दुपारीं घरोघर जी तगमग झाली ती निकालाची नसून, निकाल दिसत नाहीं याची होती. पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या राज्य शिक्षण मंडळानें निकाल पाहण्यासाठीं दोन संकेतस्थळें दिलीं होतीं. सुमारें पावणेसोळा लाख मुलें, त्यांचे आईबाप, मामा, आत्या आणि शेजारी असे सर्वजण एकाच घटकेस त्या दोन दारांशीं जमले, आणि दोन्ही दारें बंद पडलीं. पुढें कित्येक तास पडद्यावर कोरें पान अथवा इंग्रजींतील दोन ओळींची दिलगिरी, यांपलीकडे कांहीं उमटेना.

अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून एक प्रश्न सहजच निघतो: “दोन स्थळें होतीं ना? मग एक पडल्यावर दुसरें कां उभें राहिलें नाहीं?” मुलें बहुधा हंसतात आणि ‘तुम्हांला त्यांतलें कळायचें नाहीं, आजोबा’ असें म्हणून विषय मिटवितात. परंतु प्रश्न अगदीं बरोबर आहे. किंबहुना हिंजवडीच्या कचेऱ्यांतून जी हुषार मंडळी रात्ररात्र जागत असते, तिच्या कामाचा बराचसा भाग याच प्रश्नाभोंवतीं फिरत असतो. एक यंत्र बंद पडल्यास दुसरें आपोआप त्याच्या जागीं यावें आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास पत्ता बदलल्याचें कळूंहि नये, अशी व्यवस्था लावतां येते. ती कशी लावतात, कोठें फसते, आणि आपल्या शाळेच्या, ग्रंथालयाच्या किंवा दवाखान्याच्या संकेतस्थळासाठीं ती लावावयाची झाल्यास काय पाहावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम नांवाविषयीं. पुण्यांत घराच्या क्रमांकावरून घर सांपडलें असें क्वचितच घडतें. सोन्या मारुतीच्या अलीकडे, पत्र्या मारुतीच्या मागें, अमक्यांच्या वाड्यासमोर, अशाच खुणांनीं आपण पत्ता सांगतों. माणसाच्या लक्षांत नांव राहतें, आंकडा राहत नाहीं. संगणकाचें नेमकें उलट. त्याला ‘२०३.०.११३.१०’ अशासारखा आंकडी पत्ता लागतो. नांवाचा आंकडा करून देणारी जी जगभर पसरलेली वही आहे, तिला डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यांत डी. एन. एस., म्हणतात. आरंभीं ही खरोखरच एक यादी होती. अमेरिकेंत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेंत ती ठेवलेली असे. नवें यंत्र जोडणाऱ्यानें तेथें नांव नोंदवावें आणि इतरांनीं ती यादी वेळोवेळीं उतरवून घ्यावी, असा प्रघात होता. यंत्रें वाढलीं तशी ही रीत पुरेना. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं वही एके ठिकाणीं न ठेवतां तिचीं पानें ज्याचीं त्याच्याकडे वांटून देण्याची योजना मांडली. तीच थोड्याफार फरकानें आजहि चालू आहे.

आपण फोनवर एखाद्या संस्थेचें नांव लिहिलें कीं, फोन प्रथम आपल्या इंटरनेट कंपनीच्या ‘रिझॉल्व्हर’ नांवाच्या यंत्रास विचारतो. त्या यंत्रास ठाऊक नसल्यास तें मूळ नामसेवकांकडे जातें. यांचीं नांवें ए पासून एम पर्यंत तेरा आहेत. ‘डॉट इन’ची वही कोणाकडे आहे तें हे मूळ नामसेवक सांगतात; डॉट इनवाले त्या संस्थेची वही कोणाकडे आहे तें सांगतात; आणि शेंवटीं संस्थेचा स्वतःचा नामसेवक आंकडा हातावर ठेवतो. स्थळाची चौकशी करतांना जसा प्रत्येकजण आपणांस पुढच्याचें दार दाखवितो, तसाच हा प्रकार. मात्र तो डोळ्याचें पातें लवेपर्यंत उरकतो. (२०१४ पासून ‘डॉट भारत’ हें शेंपूट देवनागरींतहि मिळूं लागलें आहे. पण संस्थेचें नांव मराठी आणि पत्ता मात्र रोमन, ही आपली आवड अद्याप टिकून आहे.)

आतां यांतील मर्म असें कीं, नांव आणि आंकडा यांचें नातें सर्वस्वीं संस्थेच्या हातीं असतें. नांव तेंच ठेवून शेंवटच्या वहींतील आंकडा बदलला कीं, येणारा मनुष्य न कळत दुसऱ्या घरीं जातो. पहिलें घर पडलें असतां हा आंकडा आपोआप बदलला जाण्याची जी योजना, तिला डी. एन. एस. फेलओव्हर म्हणतात, आणि घर उभें आहे कीं पडलें हें जी ठरविते ती तपासणी म्हणजे हेल्थ चेक. आपण तिला नाडीपरीक्षा म्हणूं.

दुसरें घर कोठें बांधावें, हा प्रश्न सर्वांत आधीं येतो, आणि लोक त्याचाच विचार सर्वांत कमी करतात. ‘क्लाउड’ म्हणजे मेघ म्हटल्यामुळें हीं यंत्रें आकाशांत तरंगत असावींत असा कांहींतरी समज होतो. प्रत्यक्षांत तीं जमिनीवर, सिमेंटच्या इमारतींत, विजेवर आणि गार हवेवर जगतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, चेन्नई व मुंबई येथें आपलीं केंद्रें उघडलीं; अमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस व २०२२ मध्यें हैदराबादेस; गूगलनें २०१७ मध्यें मुंबईस व २०२१ मध्यें दिल्लीस. मायक्रोसॉफ्टनें पुण्याच्या केंद्रास ‘सेंट्रल इंडिया’ असें नांव दिलें आहे. देशाचा मध्य पुण्यास आहे हें मत पुणेकरांस नवीन नाहीं. कंपनीनें तें कागदावर आणलें इतकेंच.

जागेच्या बाबतींत पुण्याला स्वतःच्याच इतिहासांतून जो धडा मिळाला आहे, तसा तो क्वचितच कोणा शहरास मिळाला असेल. खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकांतलें. त्याच्या वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेतचें नवें धरण पुरें होत आलें होतें. १२ जुलै १९६१ च्या सकाळीं पानशेत फुटलें. तें पाणी खडकवासल्यावर आलें. त्याच दिवशीं खडकवासलाहि फुटलें आणि मुठेनें नदीकांठच्या पेठा बुडविल्या. कागदावर पाहिलें तर शहराला दोन धरणें होतीं. पण दोन्ही एकाच पाण्याच्या वाटेवर होतीं. वरचें गेल्यावर खालचें शाबूत राहण्यास जागाच नव्हती. पूर ओसरला आणि पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले, तेव्हां उपयोगीं पडल्या त्या वाड्यांतील जुन्या विहिरी आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावापासून नळ घालून आणलेल्या पाण्याचे हौद. त्यांचें पाणी जुनें होतें, थोडें होतें. पण मुठेच्या धरणांशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता.

म्हणून दुसऱ्या सर्व्हरविषयीं विचारावयाचा पहिला प्रश्न, तो किती मोठा आहे हा नव्हे. तो त्याच नदीवर आहे का, हा होय. एकाच इमारतींत दोन सर्व्हर ठेवले तर एका यंत्राच्या बिघाडापुरती सोय झाली. शेजारच्या इमारतींत ठेवला तर आगीपुरती. पुण्याचा सर्व्हर आणि मुंबईचा पर्याय हें जोडपें वरवर बरें दिसतें. परंतु दोघांचा पावसाळा एकच. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई येथील वीज एकदम गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. मोठीं संगणक-केंद्रें अशा वेळीं आपल्या डिझेलवर तगून राहतात हें खरें. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां खुद्द डॉट इनचे मुंबईंतील नामसेवक बंद पडून त्यांची मांडणी बदलावी लागली अशी नोंद आहे. मायक्रोसॉफ्टनें पुण्याच्या केंद्राची जोडी सुमारें १२०० किलोमीटरवरील चेन्नईशीं लावली आहे. चेन्नईस पूर येत नाहीं असें नव्हे. २०१५ च्या डिसेंबरांत तेथें काय झालें तें अनेकांस आठवत असेल. पण पुण्याचा पाऊस आषाढ-श्रावणांतला आणि चेन्नईचा आश्विन-कार्तिकांतला. दोन्ही ठिकाणीं एकाच दिवशीं नदी घरांत शिरण्याचा संभव पुष्कळ कमी.

नदी दरवेळीं पाण्याचीच असते असेंहि नाहीं. दोन्ही सर्व्हर एकाच खात्यावर असून त्याचें बिल थकलें, तर दोन्ही एकाच क्षणीं बंद होतील. दोहोंवरील प्रोग्रॅम एकाच दिवशीं बदलला आणि त्यांत दोष असला, तर दोन्ही एकाच दोषानें पडतील. संकेतस्थळाच्या कुलपाचें जें प्रमाणपत्र असतें त्याची मुदत पहिल्यावर वाढविली आणि दुसऱ्यावर वाढवावयाची राहिली, तर गरजेच्या दिवशीं दुसऱ्याच्या दारावर ‘हें स्थळ सुरक्षित नाहीं’ अशी पाटी झळकेल. मोठाल्या कंपन्यांतून देखील हा शेवटचा प्रकार अनोळखी नाहीं.

आतां नाडीपरीक्षा. वैद्य म्हणजे दूर बसलेलें एक यंत्र. तें ठराविक वेळानें आपल्या सर्व्हरचें दार वाजवून ‘आहांत का?’ असें विचारतें. वेळेवर उत्तर आलें तर ठीक. ओळीनें तीनदां न आल्यास सर्व्हर आजारी ठरतो. अमेझॉनची ‘राउट ५३’ ही सेवा काय किंवा मायक्रोसॉफ्टची ‘ट्रॅफिक मॅनेजर’ ही काय, दोहोंत साधारण हाच क्रम आहे: दोन प्रश्नांत ३० सेकंदांचें अंतर, आणि अधिक पैसे दिल्यास १० सेकंदांचें. (राउट ५३ या नांवांतील आंकडा, डी. एन. एस.चें बोलणें ज्या ५३ क्रमांकाच्या दारानें चालतें, त्यावरून घेतलेला आहे.)

परंतु ‘आहांत का?’ असें विचारल्यावर दारावरचा गडी नेहमींच ‘आहेत’ म्हणतो. एखाद्या रुग्णालयाचें संकेतस्थळ घ्या. दर्शनी पान झळकतें आहे, डॉक्टरांचीं छायाचित्रें दिसताहेत, प्रश्न विचारणाऱ्या यंत्राला ‘२००’ म्हणजे ‘सर्व क्षेम’ हा संकेतांक मिळतो आहे. आणि आंतील डेटाबेस बंद पडून तास होऊन गेला आहे. आईच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहण्यासाठीं जो मुलगा दूरदेशीं फोन घेऊन बसला आहे, त्याला तो अहवाल उघडत नाहीं. वैद्याला नाडी लागते आणि रोगी बेशुद्ध! यासाठीं तपासणीचें एक वेगळेंच पान करून ठेवतात. त्याला विचारलें कीं तें डेटाबेसांतून खरोखर एक ओळ वाचून पाहतें, आणि वाचतां आली तरच ‘२००’ म्हणतें; एरव्हीं ‘५०३’, म्हणजे ‘सध्यां सेवा नाहीं’. हें पान लिहावयास जाणत्या माणसास अर्धा दिवसहि लागूं नये, तरी तें बहुतेक ठिकाणीं नसतें.

उलटपक्षीं परीक्षा फार खोल नेली तर निराळीच आपत्ति ओढवते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीं नऊच्या सुमारास घरोघरचे व्हॉट्सॲपवरील कुटुंबगट एकाएकीं मुके झाले, तें वाचकांस आठवत असेल. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही सुमारें सहा तास नाहींशीं झालीं होतीं. कंपनीनें मागाहून सांगितलेली हकीकत मोठी उद्बोधक आहे. देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीच्या मुख्य केंद्रांना जोडणारे तिचे स्वतःचे मार्ग तुटले. तिच्या नामसेवकांना असा नियम घालून दिलेला होता कीं, ज्याला मुख्य केंद्राशीं बोलतां येत नसेल त्यानें आपण आजारी आहों असें समजून रस्त्यावरील आपली पाटी उतरवावी. एखाददुसऱ्याच्या बाबतींत हा नियम शहाणपणाचाच होता. पण मार्ग सर्वांचेच तुटल्यामुळें सर्वांनीं एकदम पाट्या उतरविल्या. आणि नामसेवक आपापल्या जागीं धडधाकट बसले असतां जगाला त्यांच्याकडे जाण्याचा रस्ताच उरला नाहीं. आपल्या लहानशा स्थळाची परीक्षा जर संदेश पाठविणाऱ्या बाहेरच्या एखाद्या कंपनीवर अवलंबून ठेवली, तर ती कंपनी बंद पडतांच आपले दोन्ही सर्व्हर उगाचच आजारी ठरतील. अमेझॉननें यावर असा तोडगा ठेवला आहे कीं, दोघेहि आजारी ठरल्यास पहिल्याचाच पत्ता द्यावा. आजारी वाटणारा मनुष्य कदाचित् काम करीत असेल. मुळींच न दिलेला पत्ता मात्र खात्रीनें निरुपयोगी.

वैद्यहि एक असून भागत नाहीं, कारण वैद्याच्याच गांवचा रस्ता बंद असूं शकतो. म्हणून सिंगापूर, टोकियो, सिडनी, आयर्लंड, व्हर्जिनिया, साओ पावलो अशा अनेक ठिकाणांहून प्रश्न विचारले जातात, आणि अमेझॉनच्या नियमाप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा १८ हून अधिक परीक्षकांनीं जिवंत म्हटलें तर सर्व्हर जिवंत धरला जातो. शंभरांत ऐंशींनीं मेला म्हटलें आणि विसांनीं जिवंत म्हटलें, तरी जिवंत! हें विचित्र वाटेल. पण उगाच घर बदलण्यापेक्षां हें बरें, असाच त्यांतील विचार दिसतो. यांतून आपल्याकडील संस्थांना एक अनपेक्षित अडचण येते. कित्येक ठिकाणीं सुरक्षिततेसाठीं भारताबाहेरून येणाऱ्यांना दारांतच अडविलेलें असतें. मग हे परदेशी वैद्यहि बाहेरच उभे राहतात, आणि निरोगी सर्व्हर पहिल्या दिवसापासून मेलेला म्हणून नोंदला जातो. त्यांचे पत्ते कंपनीनें प्रसिद्ध केलेले आहेत; तेवढ्यांना वाट मोकळी ठेवावी लागते.

यानंतर वेळेचा हिशेब. रिझॉल्व्हरला दरवेळीं सगळी चौकशी करणें परवडत नाहीं, म्हणून एकदां मिळालेला आंकडा तो टिपून ठेवतो. किती वेळ टिपून ठेवावा हें संस्थेनेंच सांगावयाचें असतें. त्या मुदतीस टी. टी. एल. म्हणतात. कित्येक जुन्या संस्थांच्या वहींत ही मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक पुरा दिवस, लिहिलेली आढळते. अशा संस्थेनें कितीहि उत्तम दुसरें घर बांधलें तरी जगाचा मोठा भाग दिवसभर जुन्याच पडक्या घराशीं जाऊन परत येईल. मुदत ६० सेकंदांवर आणली तर हिशेब असा: ३० सेकंदांचे तीन फेरे म्हणजे ९०, त्यांत ६० मिळविले कीं १५० सेकंद. अडीच मिनिटांत बहुतेक लोक नव्या घरीं पोंचतात. बहुतेक म्हणण्याचें कारण, कांहीं रिझॉल्व्हर आणि कांहीं प्रोग्रॅम ही मुदत पाळीतच नाहींत. घर बदलून वर्ष झालें तरी जुन्या पत्त्यावर पत्र घालणारे नातेवाईक असतात, तशांतलेच ते. मुदत कमी करावयाची ती गरज पडण्यापूर्वीं. घर पडल्यावर ती कमी केल्यास तें वाचावयाला कोणी येतच नाहीं.

आतां त्या आजोबांच्या प्रश्नाकडे वळतां येईल. घर पडण्याचीं कारणें दोन प्रकारचीं असतात. भिंत खचून पडलें तर पाहुण्यांना दुसऱ्या घरीं नेतां येतें. पण पाहुण्यांच्याच भारानें माडी खालीं आली असेल, तर सगळे पाहुणे शेजारच्या तेवढ्याच माडीवर नेल्यानें काय होणार? फेलओव्हर हें बिघाडावरचें औषध आहे; गर्दीवरचें नव्हे. गर्दीवर उपाय म्हणजे आरंभापासून भार वांटणें. निकालाचें पान हें तर एकदां छापलें कीं न बदलणारें. त्याच्या प्रती आधींच अनेक ठिकाणीं ठेवतां येतात आणि ज्याला जें जवळ असेल त्याला तेथून देतां येतें. नंतरच्या वर्षांत दहावी-बारावीचे निकाल डिजिलॉकरसह अनेक ठिकाणीं मिळूं लागले, तें या दृष्टीनें योग्यच झालें.

वही स्वतःच चुकली तर? २०२५ च्या दिवाळींत, नरकचतुर्दशीच्या दिवशीं, म्हणजे २० ऑक्टोबर रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं बाराच्या पुढें, अमेझॉनच्या अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील केंद्राच्या एका मुख्य सेवेचें पान वहींत एकाएकीं कोरें झालें. नोंदी आपोआप लिहिणारे दोन कारकून-प्रोग्रॅम एकमेकांच्या पुढेंमागें होऊन जुनी नोंद नव्यावर बसली आणि मग ती पुसलीहि गेली. सर्व्हर जिवंत होते. त्यांचा पत्ता तेवढा कोठें लिहिलेला नव्हता. त्या एका कोऱ्या ओळीमुळें जगभरच्या अनेक कंपन्यांचे व्यवहार तासन् तास अडले. त्याआधीं, २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं, डिन या नामसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर खोट्या प्रश्नांचा असा मारा झाला कीं ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें स्वतः धडधाकट असतां लोकांना सांपडेनात. ज्यांनीं दोन निरनिराळ्या कंपन्यांकडे आपली वही ठेवली होती ते तरले. लहान संस्थेनें एवढें करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. तिला तो खर्च व खटाटोप झेपणार नाहीं.

तिला झेपण्यासारखें पण कठीण काम निराळेंच आहे, तें म्हणजे आंतील मजकुराचें. पत्ता बदलला म्हणून सामान आपोआप नव्या घरीं जात नाहीं. पहिल्या सर्व्हरवर झालेली प्रत्येक नोंद दुसऱ्यावर सतत उतरत राहिली पाहिजे. पुणें-चेन्नई अंतरामुळें ही उतरण किंचित् मागें राहते. घात होतो तो बहुधा त्या शेवटच्या कांहीं सेकंदांतील नोंदींचा. याहून वाईट म्हणजे पहिला सर्व्हर मेला नसून फक्त दिसेनासा झालेला असतो. मग कांहीं लोक जुन्याकडे नोंदी करीत राहतात आणि कांहीं नव्याकडे. एकाच घरांत दोन कर्ते पुरुष दोन वह्यांत एकाच शेताचा हिशेब लिहूं लागले म्हणजे जें होतें तेंच येथें होतें. मागाहून त्या दोन वह्या जुळवणें हें काम कोणाहि शत्रूवर येऊं नये. म्हणून पुष्कळ अनुभवी मंडळी असा नियम ठेवते कीं, नुसतें वाचावयाचें स्थळ आपोआप पालटावें. पैशाची किंवा औषधाची नोंद जेथें होते तेथें यंत्रानें फक्त घंटा वाजवावी आणि पालटण्याचा निर्णय माणसानें घ्यावा. आमचेंहि मत तसेंच आहे. मध्यरात्रीं तीन वाजतां घरांतील मुलाचा किंवा सुनेचा फोन वाजतो आणि ती उशाचा संगणक उघडून बसते, तें याच निर्णयासाठीं. तेव्हां सासूबाईंनीं सकाळीं तिला उशिरां उठल्याबद्दल बोलूं नये.

मात्र माणसाच्या हातीं निर्णय दिला म्हणजे माणूस घुटमळतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळीं ११.४० ला थांबले ते दुपारीं ३.४५ ला सुरू झाले. चेन्नईस पर्यायी केंद्र सज्ज असतांना त्याच्याकडे काम वळविलें गेलें नाहीं. पुढच्याच महिन्यांत सेबीनें नियम केला कीं, मुख्य यंत्रणेंत बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ति जाहीर करावी आणि तेथून ४५ मिनिटांच्या आंत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावें. २ मार्च २०२४ रोजीं, शनिवार असूनहि, बाजार मुद्दाम उघडून पहिला भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा पर्यायी केंद्रावरून चालविण्यांत आला. खरे पैसे, खरे व्यवहार आणि खरा पालट. अशी तालीम घेतल्याशिवाय दुसऱ्या घराची किल्ली कुलपाला लागते कीं नाहीं हें कळत नाहीं.

एखाद्या शाळेनें अगर ग्रंथालयानें हें करावयाचें ठरविल्यास क्रम असा ठेवावा. आधीं टी. टी. एल. कमी करून जुनी मुदत सरेपर्यंत थांबावें. मग दूरच्या केंद्रांत दुसरा, हवा तर लहान, सर्व्हर घेऊन त्यावर मजकुराची प्रत चालू करावी. पैसे नसतील तर निदान ‘काम चालू आहे, कचेरीचा दूरध्वनि अमुक’ एवढें सांगणारें स्थिर पान तरी ठेवावें. तपासणीचें पान लिहावें, नाडीपरीक्षा त्यावर लावावी, आणि वहींत पहिला पत्ता ‘मुख्य’ व दुसरा ‘पर्यायी’ म्हणून नोंदवावा. साध्या परीक्षेचें भाडें अमेझॉनकडे महिन्याला एका डॉलराच्या आंत पडतें. खरा खर्च दुसऱ्या सर्व्हरचा आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा. मग सुटींतील एखाद्या सकाळीं पहिला सर्व्हर हातानें बंद करून घड्याळ लावून बसावें. घरच्या वायफायवरून पाहावें, मोबाईलच्या डेटावरून पाहावें, परगांवच्या भाचीलाहि पाहावयास सांगावें. परत फिरतांना घाई नको. अर्धवट बरा झालेला सर्व्हर घटकेंत उठतो आणि घटकेंत निजतो, आणि पत्ता त्याच्यामागें नाचत राहतो. तो पुरा बरा झाला व मधल्या काळांतील नोंदी त्याच्यावर उतरल्या, हें पाहूनच त्याला मुख्य करावें.

आणखी एक गोष्ट तंत्राची नव्हे, कारकुनीची आहे. परंतु लहान संस्थांचीं स्थळें बंद पडण्याचें तें फार नेहमींचें कारण असतें. नांवाची नोंदणी वर्षावर्षानें पैसे भरून चालू ठेवावी लागते. ती बहुतेक वेळां दहा वर्षांपूर्वीं कोणा उत्साही तरुण शिक्षकानें स्वतःच्या ईमेलवरून केलेली असते; शिक्षक नोकरी सोडून गेलेला असतो आणि मुदत संपत आल्याचीं पत्रें त्याच्या जुन्या पेटींत पडून असतात. मुदत सरली कीं दोन सर्व्हर, दोन शहरें, सहा देशांचे वैद्य, सगळें असून नांवच नाहींसें होतें. नोंदणी संस्थेच्या नांवानें व संस्थेच्याच ईमेलवर करून घ्यावी, ती एकदम दहा वर्षांपर्यंत भरतां येते, आणि मुदतीची तारीख कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तांत लिहून ठेवावी.